निळ्या जाळाचा धूर

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावात थंडी पडली की गॅसच्या गीझरला गिऱ्हाईक येतंच. बालाघाटच्या डोंगररांगेजवळच्या या भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो. त्या वेळी लाइट असेलच याची खात्री नसते. सोलरला गच्चीवर जागा हवी आणि एकरकमी पैसा हवा. त्यापेक्षा चार-पाच हजारांची पेटी आणि शेजारी एक सिलिंडर ठेवला की नळ सोडताच मिनिटाला सहा लिटर कढत पाणी मिळतं. यात नको म्हणण्यासारखं काही नाही. घोळ आहे तो पेटी टांगायच्या जागेचा. कितीतरी घरांत ती बाथरूमच्या आतच, आंघोळ करणाऱ्याच्या डोक्याजवळ टांगलेली असते.

पेटीचा पुढचा पत्रा उतरवून पाहिलं तर आत फार गूढ काही नाही. खाली दोन जाड सेल, ठिणगी पाडायला. पाण्याच्या वाटेवर एक रबरी पडदा. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने हा पडदा हलतो, दांडी सरकवतो आणि गॅसची वाट मोकळी होते. पाणी थांबलं की गॅस थांबतो. मधे बर्नरच्या पट्ट्या आणि त्यांच्यावर तांब्याचं खोकं. त्याला वेढे घातलेली नळी आणि आत पातळ पाकळ्यांची दाटी. पाणी त्या नळीतून पळता पळता तापतं. अगदी माथ्यावर एक आडवी फट असते. जाळातून जे काही उरतं ते या फटीतून बाहेर पडतं, आणि इथे बाहेर म्हणजे बाथरूममध्येच. या फटीला पाइप जोडायची सोय स्वस्त मॉडेलांत नसते.

आता थोडा हिशेब. एक किलो एलपीजी पुरता जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गीझर पूर्ण जाळावर तासाला किलोभर गॅस खातो. चार बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम धरलं तर त्यात हवा असते साडेपाच घनमीटरच्या आत. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत जाळ एकटाच खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा वापरतो. त्याच खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडतो, वाफ सोडतो आणि तिथलीच वापरलेली हवा परत ओढतो. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 18-19 वर घसरला की जाळ अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, मळमळतं, गुडघ्यांतलं बळ जातं. कडी काढावी हे सुचेपर्यंत हात उचलत नाही.

दोन वेगळ्या धोक्यांची लोक हमखास गल्लत करतात. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली फरशीवर पसरतो, आणि त्यात मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन घातलेलं असल्याने लगेच कळतो. जळून बाहेर पडलेली हवा गरम, म्हणून ती वर चढते आणि तिला वास नसतो. ‘आमच्याकडे गॅसचा वास अजिबात येत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्याने पहिल्या धोक्याची ग्वाही दिलेली असते, दुसऱ्याची नाही. म्हणूनच एक झरोका वर आणि एक खाली लागतो. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून दार घट्ट लावलं तर तो हवा आणणार कुठून? खोलीला आत हवा घ्यायला वाट नसेल तर फॅन फक्त गरगरतो.

आपल्या जुन्या घरांना हे ठाऊक होतं. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात चुलीच्या वर छताला साणं असायचं. त्यातून उजेड खाली यायचा, धूर वर जायचा. पावसात त्यावर काहीतरी झाकायचं, इतकंच. पाण्यासाठी तांब्याचा बंब. त्याच्या पोटातून मधोमध उभी नळी, खाली जाळ, भोवताली पाणी आणि नळीचं तोंड वर उघडं. धुराला जायची वाट यंत्राच्या पोटातच होती, आणि तरीही बंब मागच्या अंगणात किंवा परसातच पेटायचा. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेल्या मगन चुलीला आणि 1983च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून आलेल्या बऱ्याच सुधारित चुलींनाही धुराडं होतं. धूर डोळ्यांत जायचा म्हणून त्याची सोय केली जायची. गॅसचा निळा जाळ डोळ्यांत जात नाही, आणि स्लॅबच्या घरात साणं ठेवायची रीत उरलेली नाही. बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते, तिच्यावरही थंडीत पुठ्ठा लागतो.

जुन्याचं कौतुक मात्र बेतानेच करायला हवं. बाळंतिणीची खोली दारं-खिडक्या बंद करून, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेकायची पद्धत जुनीच आहे. विझत आलेला, धूर न करणारा निखारा मोनॉक्साइडच्या बाबतीत गीझरइतकाच वाईट. बिघडतं ते बंद दाराने.

गीझरचा मूळपुरुषही असाच निघाला. 1868 साली लंडनमध्ये बेंजामिन मॉगन याने गॅसवर तत्काळ पाणी तापवणारं यंत्र केलं, त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. पुढे थंड देशांत हा धडा नीट घटवला गेला. अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या तळघरात गॅसची भट्टी अख्खं घर उबदार ठेवते. तिथे जुन्या भट्टीचा दुहेरी भिंतीचा पाइप चढत चढत छतावर जातो. नवी कार्यक्षम भट्टी धुरातली उष्णताही शोषून घेते, मग धूर इतका निवतो की प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर सोडता येतो. बर्फाने त्या पाइपाचं तोंड बुजलं तर भट्टी बंद पडते, म्हणून हिवाळ्यात फावडं घेऊन तिथे जावं लागतं. यातला सगळ्यात चलाख सापळा वेगळाच. भट्टी बदलली की जुन्या मोठ्या चिमणीत पाणी तापवणारी टाकी एकटी उरते. तिच्या एवढ्याशा धुराने ती चिमणी तापत नाही, ओढ बसत नाही आणि धूर घरात परततो. म्हणजे चिमणी असणं पुरेसं नाही, ती जाळाच्या मापाची लागते.

आपल्याकडच्या डॉक्टरांनाही हा रोगी आता ओळखीचा झाला आहे. हिवाळ्यात बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेला तरुण, कधी झटका आलेला, फिट्सचा पूर्वेतिहास नाही. ‘गॅस गीझर सिंड्रोम’ हे नाव भारतीय वैद्यकीय लेखनात रुळलंय. अशा वेळी कोरोनाच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर बोटाला लावून निर्धास्त होऊ नये. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं दिसतं आणि ते खुशाल 98 दाखवतं. दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा आणि दवाखान्यात गीझरचं नाव आधी सांगा. साध्या हवेत रक्तातला निम्मा मोनॉक्साइड निघायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तास.

रोजच्या वापरात जाळाच्या रंगाकडे लक्ष असावं. निळा जाळ पिवळा पडला, पाकळ्यांवर काजळी धरली, बर्नरच्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलं तर पेटी उतरवून साफ करायची. पण निळा जाळ दिसतो म्हणून बंद खोलीत निर्धोक, असं मात्र नाही.

उपाय अगदी बिनखर्ची नाही, पण साधा आहे. पेटी आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या भिंतीबाहेर, उघड्यावर, छज्ज्याखाली. जाळावर थेट वारा येणार नाही अशा कोपऱ्यात. आत यावी ती फक्त गरम पाण्याची नळी. ज्याला आतच हवा त्याने धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचं मॉडेल घ्यावं आणि त्या पाइपाचं तोंड दुसऱ्या खिडकीखाली काढू नये. बसवणारा म्हणतो, बाहेर टांगलं तर सुरुवातीला गार पाणी येतं. येतं, पण दहा फूट अर्धा इंची पाइपात पाणी मावतं जेमतेम अर्धा लिटर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ते कुणी सांडत नाही. बादलीत आधी तेच घ्यायचं, नंतरच्या कढत पाण्याला विसण झालं.