दाण्याचे मूळ लावणीत

पोत्यातून तांदळापेक्षा कणीच अधिक निघाली की आपण दुकानदाराला बोल लावतो. पण तिचे मूळ पुष्कळदा आषाढातल्या चिखलात असते.

कोकणात राबावर वाढवलेले रोप चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. तीनएक आठवड्यांचे कोवळे रोप दोनतीन सेंटिमीटर खोल लावले, तर ते लौकर मूळ धरते आणि बुंध्याशी फुटवे भराभर येतात. खोल खुपसले की फुटवे उशिरा आणि थोडे. एका चुडात सातआठ काड्या कोंबल्या, तर त्या एकमेकींच्याच तोंडचा घास काढतात. फुटवे मागेपुढे आले म्हणजे लोंब्याही मागेपुढे पिकतात. कापणीला काही दाणे पक्के, काही हिरवट; आणि हा हिरवट, न भरलेला दाणा भरडताना तुटतो.

हे ज्ञान नवे नव्हे. १९५३ साली देशभर जपानी भातशेतीची मोहीम निघाली, तीत ओळीने लावणी होतीच. पुढे डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री पद्धत आली. तीत खुणा केलेल्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर आलटूनपालटून धरतात, चुडात दोनतीनच रोपे लावतात आणि चार चुडांच्या मधोमध खताची गोळी खोल दाबतात. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही.

मग सगळे असे का लावत नाहीत? शेतकरी अडाणी म्हणून, असे शहरात ऐकू येते. आम्हांला ते पटत नाही. हिशेब करून पाहा : या अंतराने गुंठ्याला सुमारे २५०० चूड बसतात. लावणारी बहुधा बाई; ती कमरेत वाकून, पावसात, दोरी सरकवीत पुढचे पाऊल मागे टाकते. काम उक्ते दिलेले असले, तर दोन काड्या वेगळ्या करीत बसणे म्हणजे स्वतःच्या मजुरीला कात्री. ती मूठ जाड धरते आणि दोरी बांधावर ठेवते. आम्हीही तेच केले असते. गिरणीतल्या तुकड्यावरच्या कामात, घाई झाली की माल बिघडतो, हे आम्ही जन्मभर पाहिले आहे.

एका गावच्या बैठकीत मालकांनी बायकांच्या हलगर्जीपणाची तक्रार केली. एक म्हातारी म्हणाली, "दोरीनं लावते, पण रोजानं लावते. उक्त्यानं नाय." त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दोघा मालकांनी रोज कबूल केला. बाकीचे उठून गेले.