छोट्या मत्स्यपेटीत कोणते मासे ठेवावेत?

वर्गाच्या खिडकीजवळ पाणवनस्पती लावलेली एक छोटी काचेची पेटी असावी आणि तिच्यात चार रंगीत मासे फिरत असावेत, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. बाजारात अशा पेटीला हल्ली ‘नॅनो टँक’ म्हणतात. भौतिकशास्त्रात ‘नॅनो’ म्हणजे एक अब्जांश. दुकानदाराच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ एवढाच, की पेटी तीस-चाळीस लिटरांची किंवा त्याहून लहान आहे.

पेटी लहान तेवढे काम सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. खरी गोष्ट उलट आहे. पाणी जितके थोडे, तितकी चूक सावरायला जागा कमी. म्हणून मासे निवडताना रंग शेवटी पाहावा. आधी आपले पाणी आणि आपला उन्हाळा कोणते मासे मान्य करतात ते पाहावे. शिरूर घोडनदीच्या काठी आणि दौंड भीमेच्या काठी वसलेले आहे. दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. तेथील एखाद्या शाळेसाठी मासे निवडायचे आहेत, असे समजून आपण विचार करू.

लांबी आणि घनफळ

२० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती पेटीत ८ लिटर पाणी मावते. तिच्या सहा पृष्ठांचे क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर लिटरमागे ३००. बाजू दुप्पट, ४० सेंटिमीटर केली, तर पाणी ६४ लिटर होते आणि क्षेत्रफळ ९,६००. म्हणजे दर लिटरमागे फक्त १५०. उष्णता आत येते आणि बाहेर जाते ती पृष्ठभागातून. म्हणून लहान पेटीतील पाणी दुपारी लवकर तापते आणि पहाटे लवकर निवते.

हाच नियम माशालाही लागू आहे. ‘एक गॅलन पाण्यात एक इंच मासा’ असा एक जुना आडाखा आहे. त्यात लांबी मोजली जाते. पण माशाचे वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. ३ सेंटिमीटरच्या माशाशेजारी त्याच ठेवणीचा ६ सेंटिमीटरचा मासा ठेवला, तर त्याचे वजन दुप्पट नव्हे, आठपट भरेल. १५ सेंटिमीटरचा मासा तर १२५ पट जड असेल! लहान प्राण्याचा दर ग्रॅममागे प्राणवायूचा खर्च जास्त असतो, हे जमेस धरले तरी या मोठ्या माशाला लहान माशाच्या तीस ते पन्नास पट प्राणवायू लागेल. दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश पुढे १५-२० सेंटिमीटरांचा होतो. आपल्या पेटीतून तो येथेच बाद झाला.

‘लहान मासा’ म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावरही लहान राहणारा मासा, हे ध्यानात ठेवा. नदीकाठच्या उथळ पाण्यात रुमालाने पकडलेले चिमुकले मासे पेटीत घालण्याचा मोह होतो. परंतु ती रोहूची किंवा कटल्याची बोटुकली असू शकेल, किंवा उजनीच्या फुगवट्यात माजलेल्या चिलापीची पिल्ले असतील. कर्नल विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरील आपला प्रबंध १८३९ साली प्रसिद्ध केला. अनेक माशांची येथील लोकांच्या तोंडची नावेच त्याने शास्त्रीय नावांत घेतली. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत मिळालेल्या महसीर जातीच्या माशाचे ‘खुद्री’ हे नाव त्याच्यामुळेच जगभर गेले. याच मुळामुठेचे पाणी पुढे शिरूर-दौंडच्या हद्दीवर भीमेला मिळते. त्या माशाचे पिल्लूही बोटभरच असते, आणि मोठेपणी तो कित्येक किलोंचा होतो. अशी पिल्ले नदीतच असू द्यावीत.

उन्हाळ्यातील प्राणवायू

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला एक लिटर पाण्यात २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅम. शिरूर आणि दौंड समुद्रसपाटीपासून सुमारे अर्धा किलोमीटर उंच आहेत. तेथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून हे आकडेही सुमारे सहा टक्क्यांनी कमी धरावे लागतात.

ही घट किरकोळ वाटेल. पण दुसरी बाजू पाहा. पाण्याचे तापमान दहा अंशांनी वाढले, की माशाची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे शिल्लक कमी होते आणि खर्च वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, त्याचे बहुधा हेच कारण असते.

‘पेटीत वनस्पती आहेत, मग प्राणवायूची काय चिंता?’ असे कोणी विचारील. हायड्रिलाच्या फांदीतून उन्हात निघणारे बुडबुडे तुम्ही प्रयोगात पाहिले आहेत. मात्र प्रकाशसंश्लेषण उजेडातच चालते. रात्री वनस्पतीही माशांप्रमाणे प्राणवायू घेतात. त्यामुळे पेटीतील प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. मासे जास्त झाले आहेत का, हे पाहायचे असेल तर दुपारी नव्हे, उजाडताना पाहावे.

उन्हाळ्यावर एक उपाय आपल्या माठात दडलेला आहे. ३० लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे १२६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १०० मिलिलिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४० किलोज्यूल उष्णता खर्च होते. बाहेरून उष्णता आली नाही असे धरले, तर एवढ्याशा बाष्पीभवनाने पाणी जवळजवळ दोन अंशांनी निवेल. आपल्याकडील उन्हाळा कोरडा असल्यामुळे हा उपाय चांगला लागू पडतो. पेटीवर काचेच्या झाकणाऐवजी जाळी टाका आणि दुपारी छोट्या पंख्याचा वारा पृष्ठभागावरून जाऊ द्या.

दुष्फेन पाणी

दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. म्हणून विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे जड असते. साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या तळाशी पांढरे पुट बसते, यावरून ते ओळखता येते. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मात्र पेटीतच राहतात. तूट भरून काढायला पुन्हा बोअरचेच पाणी घातले, तर पाणी दिवसेंदिवस जड होत जाते. या कामासाठी साठवलेले स्वच्छ पावसाचे पाणी उत्तम.

अशा पाण्याचा सामू ७ पेक्षा जास्त असतो, आणि येथे एक धोका आहे. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया बाहेर पडतो. तो पाण्यात दोन रूपांत राहतो : बराचसा निरुपद्रवी अमोनियम आयन म्हणून आणि थोडा विषारी अमोनिया म्हणून. ३० अंशांना सामू ७ असेल, तर विषारी भाग शंभरात एकापेक्षाही कमी असतो. सामू ८ झाला की तो सात-आठ होतो. म्हणजे घाण तेवढीच, पण विष नऊपट! यावर तीन उपाय आहेत : मासे थोडे, खाद्य थोडे आणि वनस्पती भरपूर. वनस्पती हा अमोनिया अन्न म्हणून शोषतात. उरलेल्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी लावल्याबरोबर मासे आणू नयेत.

उमेदवारांची परीक्षा

४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी पेटी घेतली, तर वाळू व मोकळी जागा वजा जाता तिच्यात सुमारे ३० लिटर पाणी राहते. आता उमेदवार पाहू.

निऑन टेट्रा दिसायला फार सुंदर आणि जेमतेम ३ सेंटिमीटरांचा. पण तो अमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला मृदू, किंचित आम्लधर्मी आणि फार न तापणारे पाणी हवे. बोअरचे पाणी आणि मे महिना, दोन्ही त्याला प्रतिकूल. आकारात पास झालेला हा मासा पाण्यात नापास होतो.

झेब्रा मासा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, चार सेंटिमीटरांचा आणि काटक. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हृदयाच्या वाढीचा अभ्यास याच माशावर होतो. तो थव्याने राहतो आणि सतत धावतो. त्याला किमान ६० सेंटिमीटर लांबीची पेटी द्यावी, आणि निदान सहा मासे एकत्र ठेवावेत. आपली पेटी त्याला आखूड पडेल.

फायटर माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचे एक इंद्रिय असते. त्याने तो थेट हवेतला प्राणवायू घेतो, म्हणून तापलेल्या पाण्यातही तग धरतो. मात्र दोन नर एकत्र आले की एकमेकांना फाडतात. ठेवायचा तर एकटाच ठेवावा. बरणीत मात्र ठेवू नये. कारण श्वास हवेतून घेतला, तरी अमोनियाचे विष पाण्यातूनच लागते.

राहिला गप्पी. महाराष्ट्रात हिवताप आणि डेंगीच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग जो मासा वापरतो, तोच हा. त्याला जड पाणी मानवते आणि तो उष्णताही सोसतो. नर ३ सेंटिमीटरांच्या आसपास राहतो. मादी सुमारे महिन्याने पिल्ले देते, आणि एकदा समागम झाला की नराशिवायही अनेक वेळा विते. त्यामुळे सहा माशांचे साठ व्हायला वेळ लागत नाही. यासाठी फक्त नर आणावेत. असे सात नर मिळूनही वजनाने एका ६ सेंटिमीटरच्या माशापेक्षा कमीच भरतात. शिरूर-दौंडच्या आपल्या पेटीसाठी निवड झाली : सात नर गप्पी, किंवा एकटा फायटर.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा. मासे नकोसे झाले किंवा वाढले, तर ते घोडनदीत, भीमेत किंवा ओढ्यात सोडू नका. गप्पी दक्षिण अमेरिकेचा आणि चिलापी आफ्रिकेची. बाहेरून आलेला मासा नदीत रुजला, की तो येथल्या माशांचे अन्न आणि जागा बळकावतो. जास्तीचे मासे दुसऱ्या शाळेला द्या किंवा दुकानदाराला परत करा.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. पेटीत वाळू, वनस्पती आणि पाणी भरा. मासे आणण्यापूर्वीचे ते चार आठवडे वाया घालवू नका. रोज सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता पाण्याचे तापमान नोंदवा, आठवड्यातून एकदा सामू पाहा, आणि पाण्याची पातळी किती उतरली याची काचेवर खूण करा. शेवटी सर्व आकड्यांचा आलेख काढा. मग तो आलेख समोर ठेवून वर्गात चर्चा करा, की वरीलपैकी कोणता मासा तुमच्या पेटीत सुखाने राहील. दुकानात जायचे ते त्यानंतर.