ट्रकचा गिअरबॉक्स बदलताना

पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. इंजिन आधी मोकळे चालू करायचे, मग पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवायचा. पट्टा थोडा घसरतो, मग पकड घेतो, आणि जाते फिरू लागते. मोटारीतला क्लच हेच काम करतो. आज मी सांगणार आहे ती हकीकत अमेरिकेतल्या जुन्या डिझेल ट्रकांची आहे. पण एवढी पुली आणि पट्टा ध्यानात ठेवलात, तर ती परकी वाटणार नाही.

१९८९ साली डॉज कंपनीने आपल्या पिकअप ट्रकात कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन घातले. शक्ती १६० अश्वशक्ती. याच घराण्यातली इंजिने पुढे जमशेदपूरला टाटा-कमिन्सच्या कारखान्यात होऊ लागली, म्हणून आपल्या मिस्त्री लोकांनाही ती ओळखीची. इंजिन मोठे चिवट. पण पहिल्या दोन वर्षांच्या ज्या गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, तो तीनच गिअरांचा. म्हणून कित्येक मालक तो काढून हाताने गिअर टाकायचा बॉक्स बसवतात. का बरे?

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट नसते. तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. बंद पंख्याची पातीही वाऱ्याने फिरू लागतील, पण थोडी मागे राहून. कन्व्हर्टरात वाऱ्याच्या जागी तेल असते. हे मागे राहणे म्हणजे वाया गेलेली शक्ती, आणि ती उष्णता होऊन तेलात उतरते. जड ट्रॉली ओढीत चढ चढताना तेल फार तापते, आणि तापलेले तेल आतल्या चकत्यांचा घास घेते.

दुसरे कारण साध्या गणिताचे. या ऑटोमॅटिकच्या वरच्या गिअरात इंजिनाची एक फेरी म्हणजे मागच्या दांड्याची एक फेरी. पाच गिअरांच्या एनव्ही ४५०० या बॉक्समध्ये पाचव्या गिअरात इंजिनाच्या सुमारे पाऊण फेरीत दांडा पुरी फेरी घेतो. म्हणजे जिथे इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत होते, तिथे त्याच वेगाला १८०० पुरतात. आवाज कमी, झीज कमी. ऑटोमॅटिक वाईटच असे मात्र समजू नका. जड ओझे हलवताना कन्व्हर्टर इंजिनाचा जोर वाढवून देतो आणि गाडी धक्का न देता उचलतो.

आता कामाकडे वळू. नुसता बॉक्स काढला आणि दुसरा लावला, असे होत नाही. ऑटोमॅटिकच्या मागची पातळ चकती जाऊन तिथे जड फ्लायव्हील येते. या इंजिनात फ्लायव्हीलच्या मध्ये एक लहान बेअरिंग बसते. ते विसरले, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट डगमगतो. मग क्लचप्लेट, तीही बरोबर मध्यावर धरलेली. पायाशी क्लचचे पेडल, त्याचा तेलाचा पंप आणि नळी. तेल थंड करायला पुढे नेलेल्या जुन्या नळ्या निघतात. गिअरच्या दांड्यासाठी फरशीला भोक पडते. बॉक्सची लांबी बदलली, तर मागचा प्रॉपेलर शाफ्टही मापाने कमी-जास्त करावा लागतो. म्हणून शहाणा माणूस सुटे भाग गोळा करीत बसत नाही. भंगारातली त्याच जातीची मॅन्युअल गाडी आख्खी घेतो. लहानसा कंसही मग तिच्यात सापडतो. आणि हो, गाडीखाली शिरण्याआधी बॅटरी सोडवा, चाकांना उटी लावा, गाडी भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर जीव ठेवू नये.

इथवर चूक झाली तर पैसा जातो. पुढच्या दोन गोष्टींत चुकलात तर माणूस जाईल.

पहिली गोष्ट वायरींची. ऑटोमॅटिक गाडी गिअरात असताना स्टार्टर फिरत नाही. बॉक्सवरचा स्विच त्याला अडवतो. बॉक्स गेला की तो स्विचही गेला. घाईचा मिस्त्री दोन वायरी सरळ जोडून मोकळा होतो. पुढे कोणी खाली उभ्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या गिअरात असली, तर एकटा स्टार्टरही तिला पुढे ढकलतो. समोर मूल असेल तर? म्हणून त्या वायरी क्लच-पेडलच्या स्विचमधून न्या. पेडल दाबल्याशिवाय इंजिन सुरू होताच कामा नये.

दुसरी गोष्ट उभ्या गाडीची. ऑटोमॅटिकमध्ये 'पार्क'वर दांडा ठेवला की आत एक खीळ दात्यात अडकते. अशा गाडीचा हँडब्रेक वर्षानुवर्षे कोणी ओढीत नाही. त्याची तार गंजून जाते. नव्या बॉक्सला ती खीळ नाही. तेव्हा आधी हँडब्रेक दुरुस्त करा, उतारावर तपासा, मगच गाडी रस्त्यावर आणा.

आपल्याकडेही जीपला दुसऱ्या गाडीचा बॉक्स बसवणारे हौशी पुष्कळ. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे अशा बदलांवर बंधने आहेत, तेव्हा आधी आर. टी. ओ. मध्ये विचारून घ्या. आणि कोणत्याही यंत्राचा भाग काढताना एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा : हा भाग आजवर गुपचूप आणखी कोणते काम करीत होता? ते काम आता कोण करणार?