पारदर्शक, तरीही ऊन रोखणारी फिल्म

खिडकीच्या काचेवर लावलेल्या पारदर्शक प्लॅस्टिक फिल्ममधून बाहेरचे सगळे स्पष्ट दिसते, पण पडद्यांचा रंग उडवणारे अतिनील किरण बरेचसे अडतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते, अतिनील किरणांची त्याहून कमी. झिंक ऑक्साइड सुमारे 375 नॅनोमीटरखालचे किरण शोषते, दृश्य प्रकाश जाऊ देते. तरी त्याची भुकटी पांढरी दिसते, कारण मोठ्या कणांवरून प्रकाश विखुरतो. कण तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक केले, की हे विखुरणे नगण्य होते. प्लॅस्टिकमध्ये मिसळताना त्यांच्या गुठळ्या झाल्या, तर मात्र फिल्म धुरकट होते. खरी मेहनत इथेच लागते.

शिवाय फिल्म प्लॅस्टिकची, म्हणजे ती पेटूही शकते. आगीचा हा प्रश्न अधिक अवघड. उष्णतेने प्लॅस्टिकच्या लांब रेणुसाखळ्या तुटतात, ज्वलनशील वायू निघून पेटतो आणि त्याची धग आणखी साखळ्या तोडते. तापल्यावर पाणी सोडणारे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आग रोखते खरे, पण अनेकदा ते वजनाच्या निम्म्याहून जास्त घालावे लागते. केबलच्या आवरणाला हे चालते, फिल्मला नाही.

त्यामुळे फॉस्फरसयुक्त संयुगांकडे ओढा असतो. तापल्यावर त्यांच्यापासून आम्ले बनतात आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारख्या प्लॅस्टिकवर कोळशाचा थर धरतो. भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा तो आतल्या भागाला झाकतो. फॉस्फरस आणि अतिनील शोषणारा भाग एकाच रेणूत जोडला, तर दोन्ही कामे होतात. मात्र शोषण 400 नॅनोमीटरच्या पुढे सरकले, की फिल्मला पिवळसर झाक येते.