दिवसभर इंग्रजी, रात्री चार ओळी मराठी

‘परदेशात युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवते’ असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठी इमारत, फाडफाड इंग्रजी आणि पर्स सांभाळत चाललेली रुबाबदार बाई उभी राहते. पण परक्या मुलुखात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईची भाषा दिवसेंदिवस वाढत नाही, उलट आक्रसत जाते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

मी जपानमधल्या कोची शहरात शिकवते. केरळातलं कोची वेगळं. आमची आई अजूनही बार्शीला शेजारणींना ‘केरळातलं नव्हे हो, जपानातलं’ असं समजावत असते. शिकोकू बेटावरचं, समुद्राकाठचं हे शहर. नव्वद मिनिटांचा एक तास, एप्रिलमध्ये सुरू होणारं शैक्षणिक वर्ष, समोर चाळीस मुलं-मुली. शाळेत निदान सहा वर्षं इंग्रजी शिकून आलेली. पण बोला म्हटलं की माना खाली! चुकलं तर हसं होईल, ही भीती. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या बाकावर कुणी बसत नाही ना, अगदी तसंच.

मग शिकवणाऱ्या बाईनं काय करायचं? सोपं बोलायचं. सावकाश बोलायचं. चार शब्दांचं वाक्य, तेही तीन-तीनदा. ‘तू काल काय केलंस? जेवलास का? काय खाल्लंस?’ बाजारात मोडकंतोडकं जपानी. मराठी फक्त फोनवर, नवरा आणि मुलगी पुण्यात, त्यांच्याशी आणि आईशी. दोन वर्षांत असं झालं, की मराठीतही मी चार शब्दांचीच वाक्यं बोलायला लागले. ‘जेवलीस का? गुडघा कसा आहे? इकडे पाऊस आहे.’ एका रविवारी आई म्हणाली, ‘अगं, मी काय तुझ्या वर्गातली पोर आहे का? नीट काही सांग की!’

सांगायला खरंच काही नव्हतं. दिवस येत होता, जात होता, पण मनात त्याचा ठसा राहत नव्हता.

लग्नाआधी मी वही लिहायचे. रोज नाही, पण लिहायचे. मग संसार, नोकरी, मुलीची शाळा यात ती कधी थांबली ते कळलंही नाही. ती पुन्हा सुरू झाली त्याला कारण माझेच विद्यार्थी. बोलत नाहीत तर निदान लिहू देत, म्हणून मी प्रत्येक तासाची शेवटची सात मिनिटं वहीत काहीही लिहायला दिली. अट एकच, मी लाल पेन लावणार नाही. आणि काय सांगू, जी पोरं तोंड उघडत नव्हती ती पानं भरायला लागली! रात्रपाळीला दुकानात काम करणं, गावाकडची आजी, चुकलेली ट्राम. एका मुलीनं शेवटी मलाच प्रश्न लिहिला, ‘सेन्सेई, तुम्ही रोज कोणत्या भाषेत लिहिता?’ सेन्सेई म्हणजे गुरुजी, बाई. मी उत्तर लिहिलं, ‘उद्यापासून मराठीत.’ आणि येताना दोनशे पानी वही घेऊन आले.

या देशात रोजनिशीचं भारी प्रेम आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत चित्रांसकट रोजनिशी लिहायचा गृहपाठ असतो. पण त्यामागचा इतिहास कळला आणि मी थक्कच झाले. हजार वर्षांपूर्वी इथल्या दरबारात मानाची भाषा होती चिनी. राजकारभार, पांडित्य सगळं चिनीत, आणि ते पुरुषांचं काम. बायकांनी उघडपणे चिनी शिकणं शोभत नसे. त्या आपल्या बोलीतलं जपानी ‘काना’ नावाच्या सोप्या अक्षरांत लिहायच्या. त्या लिपीला ‘बाईचा हात’ असंच म्हणत. आणि गंमत बघा, आज जगभर वाचलं जातं ते त्या बायकांनी लिहिलेलं!

त्यातली मुरासाकी शिकिबू, ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीची लेखिका, मला फार जवळची वाटते. लहानपणी ती भावापेक्षा चटकन चिनी शिकायची. वडील हळहळायचे, ही मुलगा असती तर! पुढे ती सम्राज्ञी शोशीच्या पदरी राहिली आणि तिला गुपचूप चिनी कविता शिकवू लागली. हे कळतं कुठून, तर मुरासाकीच्या स्वतःच्या रोजनिशीतून. तीत १००८ ते १०१० या काळातलं लिखाण आहे. म्हणजे शिकवायची ती मानाची परकी भाषा, पण मनातलं लिहायची आपल्या भाषेत.

दुसरी गोष्ट तर मी राहते त्या भागातलीच. कोचीच्या परिसराचं जुनं नाव तोसा. की नो त्सुरायुकी नावाचा नामवंत कवी इथं सुभेदार होता. मुदत संपल्यावर ९३४ साली तो राजधानीकडे परत निघाला. तोसात असताना त्याची लहान मुलगी गेली होती. त्या पंचावन्न दिवसांच्या प्रवासाची रोजनिशी त्यानं लिहिली ती चिनीत नाही, जपानीत, आणि एका बाईच्या नावानं. पुरुष लिहितात ती रोजनिशी आता एक बाई लिहून बघते आहे, अशी सुरुवात करून. त्यानं असं का केलं यावर विद्वान बरंच बोलतात. मला आपलं वाटतं, लेकीचं दुःख त्याला दरबारी भाषेत मांडता येईना.

आपल्याकडेही पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये राहिल्या, तिथं चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. पुढे अमेरिका पाहून आल्यावर तिथल्या लोकस्थितीचं पुस्तक त्यांनी १८८९ साली लिहिलं ते मराठीत. आपल्या लोकांना कळावं म्हणून.

माझी वही काही इतकी थोर नाही. कोचीत किल्ल्यासमोरच्या रस्त्यावर तीनशे वर्षांहून जुना रविवारचा बाजार भरतो. तिथल्या आजींकडून मी चहासाठी आलं घेते. आल्याच्या पिकात हा भाग जपानात पहिला. आजींनी आल्याबरोबर काय सांगितलं, वर्गात कोण पहिल्यांदा बोललं, कुठला मराठी शब्द दिवसभर आठवला नाही, एवढंच लिहिते. इथं रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा बार्शीला सहा, दिवेलागणीची वेळ. वहीतलं पान मी आईला फोनवर वाचून दाखवते. आता ती विचारते, ‘त्या आलेवाल्या आजीचं पुढं काय झालं?’

वहीचा खरा उपयोग गेल्या हिवाळ्यात कळला. माझा करार मार्चअखेर संपत होता. वाढवायचा की परतायचं? डोकं चालेना. मग सहा महिन्यांची पानं एका बैठकीत वाचली. ‘परत ये’ हे वाक्य वहीत बरेचदा होतं, पण दर वेळी दुसऱ्या कुणाचं. नणंद म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, लोक विचारतात. नवरा किंवा मुलगी यांचं एकदाही नाही. माझ्या स्वतःच्या वाक्यांत मात्र वर्ग होता, आलं होतं, आणि मुलीची आठवण होती. मी तिघांशी मोकळेपणानं बोलले आणि एक वर्ष, फक्त एकच वर्ष, करार वाढवला. मुलीची आठवण त्यामुळे कमी झाली नाही. तीही वहीत येते.

मैत्रिणींनो, यासाठी परदेशी जावं लागत नाही. सासरी येऊन बोली बदललेली, दिवसभर ‘भाजी काय करू, डबा भरला का’ एवढीच वाक्यं उरलेली बाई आपल्याही गल्लीत असते. जुनी बंद पडलेली वही पुन्हा उघडायला मुहूर्त नको. दहा मिनिटं पुरतात. भाजीचा भाव लिहा, आजीचा एखादा शब्द लिहा, राग आला तर रागही लिहा. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही. कुणी वाचेल ही धास्ती असते, ती खोटी नाही. एकत्र घरात वही ठेवायला स्वतःचं कपाट कुठलं! मग मुलांच्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात ठेवा, गव्हाच्या कोठीमागे ठेवा, माहेरी ठेवा.

आणि सहा महिन्यांनी एकदा सगळी पानं सलग वाचा. त्यातली कुठली वाक्यं तुमची आणि कुठली लोकांची, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.