आंबट कुठे, सोडा कुठे?

आज आपण घरच्या साफसफाईचं रसायनशास्त्र बघू. दुकानात नळासाठी एक बाटली, ओट्यासाठी दुसरी. पण घरातले बरेचसे डाग दोनच प्रकारचे असतात, हे कळलं की त्यातल्या पुष्कळ बाटल्या आपण घेणारच नाही.

नळावरचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. तो आम्लात विरघळतो, म्हणून लिंबाची फोड किंवा व्हिनेगर पुरतं. पितळेची भांडी चिंचेने उजळतात, तीही आम्लामुळेच. ओट्यावरचा तेलकट थर मात्र आंबटाला दाद देत नाही. तिथे गरम पाण्यात धुण्याचा सोडा हवा.

मग दोन्ही एकत्र केले तर? फेस छान येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांचा जोर घालवतात. म्हणजे पैसे वायाच.

दोन पथ्यं मात्र पाळू. शहाबादी फरशी चुनखडीची असते. लिंबू-व्हिनेगरने ती स्वतःच झिजते. आणि ब्लीचमध्ये आंबट काही, विशेषतः संडास धुवायचं ॲसिड, कधीही मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. एका वेळी एकच वापरायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, मगच दुसरं.