पत्र्याआडची गळती: औद्योगिक लॅगिंगच्या मोजमापाचा मागोवा

१९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांतच पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. त्याआधी वाफेच्या नळ्यांना लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, घालायचं ते मुख्यतः कामगाराचा हात भाजू नये आणि मशीनपर्यंत पोचेपर्यंत वाफेचं पाणी होऊ नये म्हणून. जाडीचा हिशेब कुणाला येत नव्हता असं नाही. अमेरिकेत एल. बी. मॅकमिलन यांनी १९२६ सालीच किफायतशीर जाडीचं गणित मांडलं होतं: जाडी वाढवली की इंधनाचा खर्च उतरतो, लॅगिंगचा चढतो, दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती जाडी योग्य. पण इंधनच मातीमोल असेल तर हे गणितही पातळ थराच्या बाजूनेच कौल देतं. तेलाच्या धक्क्याने गणित तेच ठेवून उत्तर बदललं. पुढच्या पन्नास वर्षांत साहित्य खूप सुधारलं. अ‍ॅस्बेस्टॉस मागे पडला (त्याची किंमत लॅगिंग करणाऱ्यांच्या फुप्फुसांनी मोजली, ती कुठल्याच गणितात नव्हती), रॉकवूल आणि कॅल्शियम सिलिकेट रुळलं, अलीकडे एरोजेलच्या चादरीही आल्या. मोजमाप मात्र रखडलं. कारखान्यांतली उष्णता आजही वाया जाते ती चांगला माल मिळत नाही म्हणून नाही, गळती कुठे आणि किती हे कुणी मोजत नाही म्हणून, असं माझं मत आहे.

आपल्याकडे सुरुवात तशी बरी झाली. १९७८ साली पेट्रोलियम इंधनाच्या बचतीसाठी पीसीआरए ही संस्था स्थापन झाली, २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा आला, आणि मार्च २००२पासून ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई, कामाला लागला. बीईईच्या ऊर्जा लेखापरीक्षकांच्या पुस्तकात एक साधं सूत्र आहे: पृष्ठभाग आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातल्या फरकाला वीसने भागा, त्यात दहा मिळवा आणि आलेल्या आकड्याला पुन्हा त्याच फरकाने गुणा, दर चौरस मीटरमागे तासाला किती किलोकॅलरी जातात ते कळतं. पृष्ठभाग २०० अंशांपर्यंत असेल तर सूत्र चालतं. शंभर मिलिमीटर व्यासाची, शंभर मीटर लांबीची स्टीम लाइन घ्या. उघड्या नळीचा पृष्ठभाग १७० अंश, हवा ३० अंश: तासाला जवळपास ७५ हजार किलोकॅलरी वाऱ्यावर. पन्नास मिलिमीटरचं चांगलं लॅगिंग घातलं आणि त्यावरचा पत्रा ३८ अंशांवर आला, तर हाच आकडा पाच हजारांच्या आसपास येतो. इथपर्यंत कुणीही टाळ्या वाजवील. पण याच लाइनवर दहा व्हॉल्व्ह उघडे असतील तर? एक उघडा व्हॉल्व्ह ढोबळमानाने मीटरभर उघड्या नळीइतकी उष्णता सोडतो. म्हणजे दहांचे मिळून साडेसात हजार, शंभर मीटर झाकलेल्या नळीपेक्षा जास्त! आणि व्हॉल्व्ह, फ्लँज उघडे ठेवण्याची रीत जवळपास सगळीकडे, कारण दुरुस्तीला ते खोलावे लागतात आणि ठेकेदाराचं बिल रनिंग मीटरवर निघतं.

दुसरी फसगत तापमानाची. पत्र्याला हात लावून चटका बसला नाही की लॅगिंग ठीक, हा निकष पिढ्यान् पिढ्या चालत आला. वरच्याच लाइनवर पत्रा ४५ अंशांना असेल तर हाताला तो जेमतेम कोमट लागेल, पण सूत्रात घातला की गळती ३८ अंशांच्या दुप्पट निघते. त्यातून नळी उघड्यावर असेल तर वारा पत्रा थंड करतो, उष्णता मात्र जायची ती जातेच. हाताची जागा इन्फ्रारेड कॅमेऱ्याने घेतली तेव्हा प्रश्न सुटला असं वाटलं; पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतः उष्णता कमी उत्सर्जित करतं आणि समोरच्या आभाळाचं प्रतिबिंब दाखवतं, त्यामुळे अननुभवी माणसाच्या हातात कॅमेरा गरम पत्राही गार ठरवतो. जर्मनीत या गोंधळावर व्हीडीआय ४६१० या मार्गदर्शिकेने उपाय काढला: पृष्ठभागाचं तापमान बाजूला ठेवून उष्णतेच्या प्रवाहावरून लॅगिंगला ए ते जी अशी श्रेणी द्यायची, फ्रिजवर तारे असतात तशी. २००९ साली स्वित्झर्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या ईआयआयएफ या संस्थेने लॅगिंगच्या तपासणीसाठी खास माणसं तयार करायला घेतली. तिच्यासाठी २०१२मध्ये इकोफिस या सल्लागार संस्थेने केलेल्या अभ्यासात युरोपीय संघातली संभाव्य बचत वर्षाला ६२० पेटाज्यूल आणि ४ कोटी ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड इतकी काढली आहे. अभ्यास लॅगिंग उद्योगाच्याच संस्थेचा, तेव्हा आकडा जरा जपूनच घ्यावा. पण निम्मा धरला तरी तो लहान नाही.

यावर पहिला आक्षेप असा की भट्टी आणि बॉयलरच्या तुलनेत ही बचत किरकोळ. एकेका व्हॉल्व्हपुरतं ते खरं. पण भट्टी बदलायला कोट्यवधी आणि महिने लागतात. व्हॉल्व्हला काढता-घालता येणारं जाकीट शिवून बसवायला एक शटडाऊन पुरतो. दुसरा आक्षेप आपल्या साखरपट्ट्यातला: बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, घरचाच, मग वाफ वाचवून करायचं काय? वीस-एकवीस किलो दाबाच्या जुन्या बॉयलरांच्या काळात यात तथ्य होतं, कारण उरलेल्या बगॅसची विल्हेवाट हीच डोकेदुखी असे. सहवीजनिर्मिती आली, बॉयलर ६७ आणि ८७ किलोवर गेले, वीज ग्रिडला विकता येऊ लागली, आणि वाचलेल्या वाफेला भाव आला. तरी अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवण्याच्या, आदल्या आठवड्यात घाईघाईने लॅगिंग गुंडाळायची सवय कित्येक ठिकाणी सुटलेली नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: पत्र्याआड नळी गंजते आणि कळतही नाही. पाताळगंगा, महाड, लोटे या कोकणातल्या औद्योगिक वसाहतींच्या पावसात हे भय पोकळ नाही. पण पाण्याची उष्णतावाहकता ग्लासवूलच्या सुमारे पंधरा पट असते. भिजलेलं लॅगिंग गंजही आणतं आणि उष्णताही घालवतं. म्हणजे उष्णतेच्या प्रवाहाची तपासणी पावसाळ्यानंतर नियमाने केली तर ओल आधी त्या तपासणीतच सापडेल. हा आक्षेप मोजमाप टाळण्याऐवजी ते वाढवण्याच्या बाजूचा ठरतो.

२०१२ साली सुरू झालेल्या पॅट योजनेने मोठ्या कारखान्यांना ऊर्जेची लक्ष्यं दिली आणि पहिल्या फेरीत आठ उद्योगांतले ४७८ कारखाने त्यात आले. त्या योजनेचं श्रेय कमी लेखायचं कारण नाही. पण तिथे मोजली जाते ती टन मालामागे लागणारी एकूण ऊर्जा, आणि त्या एका आकड्यात उघडा व्हॉल्व्ह सहज दडतो. व्यवस्थापक मग ज्याने आकडा एका झटक्यात हलेल अशा कामावर पैसा घालतो. बदल घडायचा तर तो निविदेत घडायला हवा: जाडी आणि रनिंग मीटरऐवजी दर चौरस मीटरमागे किती उष्णता जाऊ द्यायची ते लिहा, व्हॉल्व्ह-फ्लँज त्यातच धरा, आणि ठेकेदाराची शेवटची दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटून पुन्हा मोजणी होईपर्यंत राखून ठेवा.